दोष शोधण्याची मजुरी

१९४१ साली अमेरिकेतल्या ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने गॅरेजवाल्यांची परीक्षा घेतली. मासिकाने पाठवलेले तपासनीस ठणठणीत गाडी घेऊन देशभर हिंडले. गॅरेज जवळ आलं की बॉनेट उघडून कॉइलची वायर सोडवायची आणि गाडी बिघडली म्हणून आत न्यायची, एवढीच युक्ती. सुटलेली वायर जाणत्या माणसाला लगेच दिसावी अशी होती. ती जागेवर बसवून हात पुसणारे आणि किरकोळ पैसे घेणारे किंवा अजिबात न घेणारेही त्यांना भेटले. पण ३४७ गॅरेजांपैकी ६३ टक्के गॅरेजांनी नको ते काम काढलं, न केलेल्या कामाचे पैसे लावले किंवा भलतंच काही बिघडल्याचं सांगितलं. पुढे याच पद्धतीने त्यांनी रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडेही फेऱ्या मारल्या आणि तिथेही फार वेगळा अनुभव आला नाही.

गॅरेजवाले लबाड असतात याचा पुरावा म्हणून हा आकडा सांगितला जातो. मला त्यात वेगळीच गोष्ट खटकते. त्या ६३ टक्क्यांतल्या किती जणांनी जाणूनबुजून फसवलं आणि किती जणांना वायर दिसलीच नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गाडीच्या मालकाला तर ते कधीच कळत नाही. लबाडी असो की अज्ञान, त्याच्या हातात पडणारं बिल सारखंच असतं.

आपल्याकडे हा प्रश्न आता कोपऱ्यावरच्या गॅरेजपुरता राहिलेला नाही. गेल्या वीस-एक वर्षांत शहरोशहरी स्पेशालिस्ट उभे राहिले. पुण्यात बाणेर-वाकडकडे किंवा पिंपरी-चिंचवडच्या आतल्या रस्त्यांनी फिरलं की पाट्या दिसतात. कुणी जर्मन गाड्यांचा स्पेशालिस्ट, कुणी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, कुणी टर्बो-इंजेक्टरचा, कुणी फक्त ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उघडणारा. यातले बरेच जण आधी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथे काही वर्षं हात काळे केले, गिऱ्हाईकांच्या ओळखी झाल्या, मग भाड्याच्या शेडमध्ये रॅम्प टाकून स्वतःचं सुरू केलं. त्यांच्याकडे येणारा माणूसही ठरलेला असतो. गाडीची वॉरंटी संपलेली, कंपनीचं एस्टिमेट बघून पोटात गोळा आलेला. कुणीतरी मित्र सांगतो, अमक्याकडे ने, तो निम्म्यात करतो आणि फक्त याच गाड्या करतो. साध्या गॅरेजवाल्याने काम बिघडवलं तर माणूस म्हणतो, त्याला या गाडीतलं काय कळतंय! स्पेशालिस्टने बिघडवलं की मात्र पुढे जायला जागाच उरत नाही. म्हणून तो घाव जास्त खोल जातो.

या लेखासाठी पुणे, कोल्हापूर आणि मुंबईत मी गॅरेजवाल्यांना, सर्व्हिस सेंटर सोडलेल्या मुलांना आणि गाडीवाल्यांना भेटले. नाव छापायला कुणी तयार झालं नाही. याच धंद्यात राहायचंय, हे त्यांचं कारण मला पटलं. गाडीवाल्यांच्या कहाण्या थोड्याफार फरकाने सारख्याच निघाल्या. एक पार्ट बदलला, लक्षण गेलं नाही. दुसरा बदलला, आठवडाभर बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला आणखी काहीतरी गेल्याचं समजलं. एका निवृत्त शिक्षिकेच्या गाडीत दर उन्हाळ्याला एसीचा गॅस भरला जात होता. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधायची तर पाइपांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन ठेवायचा, किंवा रंग सोडून दिव्याखाली सांधा न् सांधा बघायचा. त्यात अर्धा दिवस जातो. गॅस भरायला तासभरही लागत नाही, गार हवा लगेच येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

माझ्या स्वतःच्या गाडीची गोष्ट सांगते, कारण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी डोळ्यांनी पाहिली आहे. गाडी दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, वॉरंटी कधीच संपलेली. सिग्नलवरून निघताना हिसके द्यायची आणि मधूनच डॅशबोर्डवर पान्याची खूण पेटायची. याच गिअरबॉक्सची कामं करणाऱ्या एका स्पेशालिस्टकडे नेली. ‘गाडी साहेब चालवतात का?’ हा प्रश्न आधी झाला. मग त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, टॅबवर आलेले कोड माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, ‘मॅडम, मेकाट्रॉनिक गेलंय.’ गिअर बदलणारे व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर यांचा तो एकत्र संच असतो. गाडीतल्या सगळ्यांत महाग वस्तूंपैकी एक. तो बदलला. काही दिवस गाडी चांगली चालली आणि पहिल्या दणदणीत पावसानंतर पुन्हा तेच हिसके. परत नेल्यावर उत्तर मिळालं, आता क्लचपॅकही घालावा लागेल.

मधल्या काळात गाडीच्या खालून खडखड येऊ लागली होती. वर उचलून पाहिली तर इंजिनखालच्या प्लास्टिकच्या कव्हरचे निम्मे स्क्रू गायब होते. त्यांच्या जागी वायरी बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या ओढून बसवल्या होत्या. आणि काम करताना सोडलेला एक माउंटिंगचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. मेकाट्रॉनिक खरंच गेलं होतं की नाही, हे मी ठरवू शकत नव्हते. सैल बोल्ट मात्र कुणालाही कळतो. जिथे डोळ्यांना दिसतं तिथे ही तऱ्हा, तर बंद गिअरबॉक्सच्या पोटात काय केलं असेल, हा विचार एकदा मनात आला की जात नाही.

ओळखीतून एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता मिळाला. साठी ओलांडलेले गृहस्थ, रस्त्याच्या कडेला छोटं दुकान, आयुष्य स्टार्टर आणि डायनामो खोलण्यात गेलेलं. स्कॅनर त्यांच्याकडेही होता. कोड वाचले आणि तो बाजूला ठेवून दिला. मग मलाच विचारायला लागले. पाऊस पडल्यावर जास्त होतं का? एसी आणि दिवे दोन्ही चालू असताना? बॅटरी कधी बदलली? ते झाल्यावर मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावलं, दुसरं गिअरबॉक्सच्या अंगावर थोडं खरवडून टेकवलं आणि म्हणाले, ‘ताई, मारा स्टार्टर.’

बॅटरी आणि गिअरबॉक्स यांच्यातली अर्थिंग धड असेल तर स्टार्टर फिरताना या दोन ठिकाणांमध्ये फार तर ०.२ व्होल्टचा फरक पडतो. मीटरवर एक व्होल्टच्या वर आकडा होता. त्यांनी बॅटरी आणि तिचा ट्रे उतरवला. खालून गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी, तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली, एका टोकाला हिरवी पडली होती. निम्म्याहून जास्त तारा खाल्ल्या गेल्या होत्या. आत पाणी गेलं की अर्थिंग आणखी मंदावायची, गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला पुरेसा व्होल्टेज मिळायचा नाही आणि तो स्वतःमध्येच बिघाड असल्याचा कोड लिहून ठेवायचा. नवी पट्टी घातली, टोकं पॉलिश पेपरने घासली, वर ग्रीस लावलं. हिसके थांबले ते आजतागायत.

त्यांनी पट्टीची किंमत आणि थोडीशी मजुरी लावली. स्पेशालिस्टच्या बिलातला नुसता जीएसटी याच्यापेक्षा जास्त होता. मी वरचे पैसे देऊ लागले तर म्हणाले, ‘काम तरी काय होतं एवढं?’

काम होतं. बॉनेट उघडण्याआधी विचारलेले प्रश्न हे काम होतं. मीटरची टोकं कुठे टेकवायची आणि ती कोणत्या क्षणी बघायची, हे कळणं काम होतं. ट्रेखालून काय जातं हे ठाऊक असणं काम होतं. उभ्या आयुष्यात कमावलेल्या या गोष्टींना आपल्या बिलावर जागाच नाही. बिलात दोन रकाने असतात, पार्ट आणि लेबर. लेबर म्हणजे खोलणं आणि बसवणं. दोष शोधणं दोन्हींत बसत नाही. ज्याने पार्ट बदलला त्याला पार्टवरचा नफा मिळाला आणि बसवण्याची मजुरीही मिळाली. ज्याने पार्ट वाचवला त्याची कमाई तेवढी बुडाली. दुरुस्तीवरचा आपला विश्वास उडण्याचं मूळ मला या हिशोबात दिसतं. दानत हा प्रश्न आहेच. पण चांगल्या दानतीच्या माणसालाही हा हिशोब रोज थोडाथोडा पार्ट बदलण्याकडे ढकलत राहतो.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली नेमक्या अशा व्यवहारांवर एक निबंध लिहिला. काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही गरज होती की नव्हती ते ग्राहकाला कळत नाही. अपेंडिक्स काढलं आणि माणूस बरा आहे, पण काढायला हवं होतं का, हे तो कसं सांगणार? काय हवंय हे ठरवणारा आणि ते विकणारा माणूस एकच असला की हे होणार, असं त्यांचं म्हणणं. यात मला एक पुस्ती जोडावीशी वाटते. हेन्री श्नायडर या संशोधकाने अमेरिकेत मुद्दाम दोष ठेवलेली गाडी गॅरेजोगॅरेजी नेली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या दोषांत बॅटरीची सैल केबलही होती. नको ते काम सुचवणारी गॅरेजं निघाली, पण असलेला दोष ज्यांच्या नजरेतून सुटला अशी त्याहून जास्त निघाली. आपण फसवणुकीची भीती बाळगून असतो आणि न सापडलेल्या दोषाचा विचारच करत नाही.

जुन्या मिस्त्रींच्या आठवणी काढून गळा काढायची माझी इच्छा नाही. फसवाफसवी तेव्हाही होती. मुंबईतले जुने टॅक्सीवाले त्याच्या कितीतरी गोष्टी सांगतात. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचं दुखणं कानांना ऐकू यायचं, नाकाला कळायचं. मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मुठीला कान लावायचा. प्लग काढून उजेडात धरायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट पडला असेल तर कमी. मालक शेजारी स्टुलावर बसून हे सगळं बघत असायचा आणि दोन-चार वर्षांत त्यालाही निम्मं समजू लागायचं. आजच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसवतात. आत रॅम्पपाशी जायची परवानगी नसते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अजूनही या जुन्या व्यवहाराची एक बाजू बघायला मिळते. तिथे इंजिनाचे ब्लॉक बोअरिंगला येतात, क्रँक ग्राइंडिंगला येतात. क्रँक झिजली की तिची जर्नल घासून पुन्हा गोल करायची आणि तेवढ्या कमी मापाची बेअरिंग घालायची. दहा, वीस, तीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) अशी ती मापं ठरलेली आहेत. तिथल्या एका दुकानात मी बराच वेळ उभी होते. कारागिराने मायक्रोमीटर लावला, आकडा मोठ्याने वाचला, खडूने क्रँकच्या अंगावर लिहिला आणि मग यंत्राला हात घातला. घासून झाल्यावर पुन्हा माप, पुन्हा खडू. शंका असेल तर हीच क्रँक पलीकडच्या दुकानात नेऊन मापून घ्या, असं तो म्हणाला. आणि पुढे एक वाक्य टाकलं, ‘ताई, पार्ट बदलायला काय लागतंय? कुठला बदलायचा न्हाई, ते कळाय पायजे.’ त्याच्यावरचा विश्वास हा त्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास नव्हता. खडूने लिहिलेल्या आकड्यावरचा होता आणि तो कुणालाही तपासता आला असता. माझ्या गाडीपाशी मीटरवर दिसलेला एक व्होल्टही तसाच होता.

स्कॅनरमुळे हे सोपं व्हायला हवं होतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून प्रत्येक गाडीला एकाच प्रकारचं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं आणि पुढे ती पद्धत जगभर आली. पण कोड आपल्याला लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी-०४२० हा कोड घ्या. सायलेन्सरच्या आधी असणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नसल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. हे वाटणं कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरवर अवलंबून असतं. सेन्सर थकलेला असेल, पाइपाच्या सांध्यातून हवा आत शिरत असेल, एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, किंवा कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला असेल. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे चारांमध्ये तोच सर्वांत महाग. सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेला एक तरुण मला म्हणाला, कोड आला की स्क्रीनवर ज्याचं नाव दिसतं तो पार्ट मागवायचा, अशीच सवय लागते. बाकीच्या शक्यता तपासायला दोन तास लागतात आणि जॉबकार्डावर त्या दोन तासांना नावच नसतं.

डिझेल गाड्यांमध्ये तर हे फार जाणवतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल मोटारींना काजळी धरून ठेवणारं फिल्टर आलं, डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टर साधारण सहाशे अंशांपर्यंत तापावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते ऑफिस अशी तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते घडत नाही आणि दिवा पेटतो. पण फिल्टर भरण्याची कारणं आणखीही आहेत. डीपीएफला चालणारं कमी राखेचं ऑइल न घालता दुसरंच घातलेलं असू शकतं. इंजेक्टर गळत असतो. थर्मोस्टॅट उघडा अडकल्यामुळे इंजिन पुरेसं तापतच नसतं आणि म्हणून काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. थर्मोस्टॅट ही फिल्टरच्या तुलनेत अगदी किरकोळ वस्तू. तो न तपासता नवं फिल्टर घातलं तर तेही भरणार. काही स्पेशालिस्ट तर फिल्टर आतून पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देतात. दिवा विझतो आणि धूर थेट आपल्या मुलांच्या नाकात जातो. हे बेकायदा आहे. गिऱ्हाईकांनी मागणी करून करवून घेतलेल्या या कामाला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्याने हा हिशोब बदलत नाही, उलट तो छापील होतो. तिथे आपल्याशी बोलणारा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडीखाली जाणारा नसतो. त्याला इंजिन फ्लश, एसीचं निर्जंतुकीकरण, कोटिंग असलं काय काय विकायचं लक्ष्य असतं. अशा लक्ष्यांचं काय होतं हे १९९२ साली कॅलिफोर्नियात जगापुढे आलं. तिथल्या सरकारी वाहनदुरुस्ती विभागाने गुपचूप गाड्या पाठवून सीअर्स या बड्या कंपनीच्या ऑटो सेंटरांची तपासणी केली, आणि गरज नसताना ब्रेक, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर विकल्याचे आरोप ठेवले. माणसांना कमिशन आणि कोटा ठरवून दिलेला होता. प्रकरण बाहेर आल्यावर कंपनीने अ‍ॅडव्हायझरांचं कमिशन बंद केलं. त्याच राज्यात १९७० च्या दशकापासून कायदा आहे की आधी लेखी एस्टिमेट द्यायचं, वाढीव कामाला मालकाची संमती घ्यायची आणि मागितले तर काढलेले पार्ट परत द्यायचे. आपल्याकडे असा खास दुरुस्तीसाठीचा कायदा झालेला नाही.

बाहेरच्या चांगल्या मेकॅनिकचीही बाजू आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दोष शोधायचा तर वायरिंगची आकृती लागते, कंपनीचं निदानाचं सॉफ्टवेअर लागतं, मापं आणि टॉर्कचे आकडे लागतात. ते बाहेर मिळत नव्हते. भारतीय स्पर्धा आयोगाने एका ग्राहकाच्या तक्रारीवरून चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत, हा ठपका. ती खुली करा, स्वतंत्र मेकॅनिकना प्रशिक्षण द्या, बाहेर काम केलं एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश होते. कंपन्या अपिलात गेल्या आणि वर्षं गेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात मोटारींचाही समावेश केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केलं. एवढं होऊनही पुण्याच्या नाना पेठेत पार्ट मिळतो, पण त्याच गाडीची अधिकृत वायरिंग आकृती शोधताना मेकॅनिकची दमछाक होते. आकृती नसलेला माणूस अंदाज करणार आणि अंदाजाचे पैसे आपल्याकडून जाणार.

मात्र निकृष्ट कामाला आकृतीचा अभाव हे कारण चालणार नाही. हेड गॅस्केटचं काम बघा. आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. आधी ठरलेल्या टॉर्कला आवळायचे, मग ठरलेल्या अंशांतून फिरवायचे. एकदा ताणला गेलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही, म्हणून नवे घालायचे असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुनेच परत घातले तर गाडी सुरू होते, हातात येते, पैसे चुकते होतात. काही महिन्यांनी घाटात पाणी उकळतं तेव्हा त्या बोल्टांपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. चाकांचंही तसंच. एअरगनने धडाधड आवळलेला बोल्ट पंक्चरच्या दिवशी गाडीतल्या पान्याने सुटत नाही, नाहीतर ब्रेकची डिस्क वाकडी होऊन स्टिअरिंग थरथरू लागतं. टॉर्कचा पाना त्याच शेडमध्ये भिंतीला टांगलेला असतो. तो काढायचे दोन मिनिटांचे कष्ट घेणारा मेकॅनिक आणि न घेणारा, यांच्यात मी विश्वासाची रेघ ओढते.

काम बिघडल्यावर दाद मागायची तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. अडचण पुराव्याची येते. दोष आधीच्या दुरुस्तीमुळे झाला, असं दुसऱ्या मेकॅनिकने लिहून द्यावं लागतं आणि धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून द्यायला कुणी सहसा धजत नाही. तोंडाने हवं तेवढं सांगतात. म्हणून गाडी टाकतानाच जॉबकार्डावर लक्षण आपल्या शब्दांत लिहून घ्यावं, कोडचा फोटो काढावा आणि काढलेला पार्ट परत मागावा. पार्ट मागितला की समोरच्याचा चेहरा पडतो का, हेही बघण्यासारखं असतं.

यातून वाट काढणारी मोजकी गॅरेजं मी पाहिली. पुण्यातल्या एका शेडमध्ये दरपत्रकात सर्वांत वर तपासणीचा ताशी दर लिहिला आहे. गाडी आली की तो दर सांगायचा, तपासायची, काय मापलं ते कागदावर द्यायचं. दुरुस्ती तिथेच करायची सक्ती नाही. मालकाने सांगितलं की सुरुवातीला माणसं भांडायची. नुसतं बघायचे पैसे कसले, हेच प्रत्येकाचं म्हणणं. काही अजूनही गाडी घेऊन निघून जातात. जी थांबतात त्यांच्याशी त्याचं नंतर कधी बिलावरून वाजत नाही. डॉक्टरच्या तपासणीचे आणि एक्सरेचे पैसे आपण वेगळे देतो आणि गाडीपाशी मात्र ते पार्टच्या किमतीत लपवायला लावतो. लपवले की ते कुठल्या ना कुठल्या पार्टवरच चढणार.

पुढच्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्यांपाशी ही लपवण्याची सवय फार महागात पडणार आहे. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी होती. म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्या २०२८ मध्ये वॉरंटीबाहेर पडतील आणि त्यांच्यामागे इतर कंपन्यांच्या येतील. बॅटरीचा पॅक म्हणजे अनेक मॉड्यूलचा संच. त्यातलं एक दुबळं झालं तरी सगळ्या गाडीचा पल्ला घटतो. सरसकट नवा पॅक घालायचा तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जाईल. दुबळं मॉड्यूल नेमकं कोणतं ते शोधायला शेकडो व्होल्टचं भय ओळखणारं प्रशिक्षण, इन्सुलेटेड हातमोजे, सेलपातळीवरची मोजमापं आणि कंपनीची माहिती लागेल. आयटीआयमध्ये दोन वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड करणाऱ्या मुलांना हे सगळं आतापासून मिळायला हवं. आणि त्यांच्या कामाचा दरही आताच ठरायला हवा. कोणतं मॉड्यूल गेलंय ते शोधण्याचे इतके आणि ते बदलण्याचे इतके, असं बिलावर दोन वेगवेगळ्या ओळींत.